रथसप्तमीचा पंचनामा

डहाणू तालुक्यात हिवाळा फक्त एकाच माणसाला होतो, आणि ते गृहस्थ म्हणजे माझे काकासासरे. बाकीचे आम्ही सगळे त्या दिवसांत पंखा दोनवर ठेवून झोपतो, पहाटे चादर ओढून घ्यावी लागली तर 'काल गारठा होता हो' असं एकमेकांना कौतुकाने सांगतो, आणि दहा वाजले की घाम पुसत कामाला लागतो. काकांचं तसं नाही. तुळशी वृंदावनाशेजारी त्यांनी एक तापमापक टांगला आहे. देवदिवाळीच्या सुमारास एखाद्या पहाटे त्यातला पारा विसाच्या खाली जरासा घसरला, की ते माकडटोपी चढवतात, काकूंना उठवतात आणि 'सुरू झाला' एवढंच म्हणतात. काकू चाळीस वर्षांच्या संसारात मुरलेल्या आहेत. काय सुरू झालं हे त्या विचारत नाहीत. मुकाट्याने माळ्यावरून गोधडी काढून देतात. ती गोधडी काकांसाठी नसते, गाडीसाठी असते.

या प्रकाराचं मूळ कॅनडात आहे. काकांचा मुलगा तिकडे राहतो. बऱ्याच वर्षांपूर्वी तो फोनवर सहज बोलून गेला, की इथे बर्फाच्या दिवसांत लोक गाड्या तीन-तीन महिने बंद करून ठेवतात आणि पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी नखशिखान्त तपासतात, नाहीतर घात होतो. मुलगा फोन ठेवून आपल्या कामाला लागला असेल. इकडे बापाची झोप उडाली. इतकी वर्षं आपण गाडी थंडीत खुशाल फिरवत होतो आणि अजून जिवंत आहोत, याचंच त्यांना आश्चर्य वाटायला लागलं. तेव्हापासून देवदिवाळी ते रथसप्तमी गाडी बंद. 'काका, तिथे शून्याच्या खाली तीस असतं,' असं मी एकदा धीर करून म्हणालो. 'मग?' काका म्हणाले. 'थंडी ती थंडी, जावईबापू. तिथली थोरली, इथली धाकटी. घराणं एकच ना?'

गाडीला झोपवण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. गाडी पांढरी, चार दारांची, आणि इतकी जुनी की तिचे भाग आता भंगारात शोधावे लागतात. टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण रिकाम्या टाकीत ओल धरते. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तो धरून बसतो; त्याऐवजी चाकांना विटा लावायच्या. आत चार कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या, उंदरांसाठी. मग गोधडी. ती काकूंच्या आठ जुन्या साड्यांची आहे आणि डोहाळेजेवणाची हिरवी साडी बरोबर बॉनेटवर येईल अशीच ती घालावी लागते. बॅटरी मात्र काढून घरात आणायची. ती जमिनीवर ठेवली की उतरते अशी काकांची खात्री असल्यामुळे तिला पाट दिला जातो, आणि रिकामा पाट घरात एकच, तो देवघरापुढचा. एकदा मार्गशीर्षातल्या गुरुवारी काकूंकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्या बॅटरीला फूल वाहिलं, नमस्कार केला आणि जाताना 'देवीचं रूप फार उग्र आहे हो' असं म्हणून गेल्या. काकांनी ते फूल आठवडाभर काढलं नाही.

शिवाय शनिवार. एका जागी उभं राहून टायर खाली चपटे होतात, म्हणून दर शनिवारी गाडी एक वीत पुढे ढकलायची आणि त्याच्या पुढच्या शनिवारी एक वीत मागे. वीत काकांची, ढकलणारे दुसरे कुणीतरी. शनिवारी सकाळी आमच्या गल्लीतून जाणारा माणूस एकदा तरी या गाडीच्या पाठीला लागलेला आहे. पोस्टमनने पत्रांची पिशवी काकूंकडे देऊन गाडी ढकलली आहे, गॅसवाल्याने सिलेंडर खाली ठेवून ढकलली आहे. मासे विकायला येणाऱ्या बाईंनी तर टोपली डोक्यावर ठेवून एका हाताने ढकलली आणि वर विचारलं, 'भाऊ, चालवायची नाय तं घेतली कशाला? मला दे, बोंबील सुकवीन टपावर.' काका खडूने जमिनीवर रेघ मारण्यात गुंतले होते. 'सोमवारी पापलेट आणलंत तर तेवढं सांगा,' ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा वीत लावून पाहिली.

पण हे सगळं झोपवण्याचं झालं. खरा सोहळा उठवण्याचा. काका तलासरी तालुक्यात तलाठी होते. वादळात उडालेली छपरं, बुडालेलं भात, कोसळलेली विहीर, या सगळ्यांचे पंचनामे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर पंचनामा करावा असं त्यांच्याजवळ एवढी गाडीच उरली. त्यामुळे रथसप्तमीला गाडी बाहेर काढायच्या आधी तिचा रीतसर पंचनामा होतो. पंच दोन. एक मी, घरचा जावई. दुसरे शेजारचे चिकूवाडीचे शेठ, जे मराठी समजतात पण घाईत असले की गुजरातीत बोलतात, आणि ते कायम घाईत असतात. जावयाला लोक धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट देतात. मला काका रथसप्तमीला गोणपाट देतात आणि त्यावर उताणं होऊन गाडीखाली सरकायला सांगतात.

पंचनाम्याची भाषा काकांची, खास खात्याची. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, गोधडी दूर केली असता सदर वाहन जागेवर मिळून आले.' त्यानंतर गाडीची चतुःसीमा. पूर्वेस चिकूचं झाड, पश्चिमेस न्हाणीघराची भिंत, उत्तरेस पाण्याचा ड्रम, दक्षिणेस फाटक. गाडी जागची हललेली नसताना चतुःसीमा दरवर्षी नव्याने का लिहायची, असं मी विचारलं होतं. 'गाडी हलली नाही, पण चिकूचं झाड वाढतं,' असं उत्तर मिळालं. मग एकेक कलम. बॅटरीच्या टोकांना पांढरं धरलंय का, वायरी कुरतडल्यात का, पट्टा सैल आहे का, पाणी किती, ऑइल किती, ब्रेक चिकटलाय का, वायपरचं रबर कडक झालंय का, आणि गाडीखाली कसला डाग पडलाय का.

या डागावरून एकदा चारोटीहून मेकॅनिक बोलवावा लागला होता. पुढच्या चाकाशी ओल होती. काकांनी मला वास घ्यायला लावला, शेठना लावला, स्वतः घेतला, आणि हे ब्रेकचं ऑइलही नाही आणि रेडिएटरचं पाणीही नाही, म्हणजे तिसरं काहीतरी गंभीर आहे, अशी नोंद केली. मेकॅनिक मोटारसायकलवर धूळ खात आला, दोन मिनिटं चाकाशी उकिडवा बसला आणि उठून म्हणाला, 'काका, गाडीला काय नाय झाला. तुमच्या गल्लीतला काळा कुत्रा आहे ना, त्याला पकडा.' दुसऱ्या एका वर्षी एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने साठवलेलं पसाभर भात निघालं. त्याची नोंद काकांनी 'पीक: भात, उतारा समाधानकारक' अशी केली. आणि गेल्याच्या गेल्या वर्षी बॉनेट उघडलं तर आत इंजिनाच्या कडेला मांजर आणि तिची चार आंधळी पिल्लं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. 'बाळंतीण आहे. दहा दिवस कुणी हात लावायचा नाही.' काकांनी यावर वाद घातला नाही. कायद्यात बसत होतं. दहा दिवस गाडीला सोयर पाळलं गेलं, रोज सकाळी बॉनेट हळूच उघडून दूध आत सरकवलं जाई, आणि अकराव्या दिवशी पिल्लं टोपलीत घालून न्हाणीघरात नेल्यावर मगच पंचनाम्याचं पुढचं कलम लिहिलं गेलं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर तलासरीला जाण्यासाठी. तिथे काकांची थोरली बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का ऐंशीच्या पुढे आहे आणि तिचा एक नेम आहे: भाऊ आल्याशिवाय ती संक्रांतीचा तिळगूळ तोंडात घालत नाही. तिळगूळ देण्याघेण्याची मुदत रथसप्तमीपर्यंत. म्हणजे संक्रांतीपासून अक्का तिकडे उपाशी नाही, पण ताटकळलेली असते, आणि रोज फोन करते. 'भाऊ, तुझ्या गाडीचा हिवाळा संपला का रे?' तिला काकूंनी कितीदा सुचवलं की आम्ही बसने येऊन जातो, तासाभराचा तर रस्ता. हायवेवरून तलासरीला दिवसभर बसगाड्या असतात. पण काका ऐकत नाहीत. 'बसनं पाहुणे जातात. भाऊ गाडीनं जातो,' असं म्हणून ते विषय संपवतात. आणि खरं सांगायचं तर अक्कालाही ते तसंच हवं असतं. गाडी तिच्या दारात वळताना हॉर्न दोनदा वाजतो, तो तिला अंगणात उभं राहून ऐकायचा असतो.

यंदा गाडी झोपवून महिना झाला नसेल, तोच काकांच्या डोळ्यांचं निघालं. वर्तमानपत्रातली अक्षरं मधूनच गायब होतात म्हणून काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. डॉक्टर म्हणाले, पडद्याचं दुखणं आहे, दोन्ही डोळ्यांचं. कडेचं दिसत राहील, मधलं जाणार. वाढू नये म्हणून औषध आहे, गेलेलं परत आणायला नाही. गाडी चालवणं बंद करा, असंही ते म्हणाले, पण काका तेव्हा चपला शोधत होते. घरी येऊन त्यांनी हा विषय काढला नाही. काकूंनीही काढला नाही. संक्रांतीच्या दिवशी मी वाण पोचवायला गेलो तेव्हा काकूंनी मला मागच्या दाराशी गाठलं. 'जावईबापू, यंदा त्यांना चालवू देऊ नका. मला सांगवत नाही हो. त्यांचं ते एवढंच आहे.' मी बरं म्हणालो. आणि मग रथसप्तमीपर्यंतचे सगळे दिवस मी रोज ठरवत राहिलो की उद्या सांगू.

मी शाळेत मुलांना मराठी शिकवतो. वाईट बातमी गोड शब्दांत कशी सांगावी यावर मी निबंध लिहवून घेतलेला आहे. पण काकांपुढे उभा राहिलो की माझ्या तोंडून 'यंदा थंडी बरी होती' एवढंच निघायचं, आणि मग ते तापमापकाच्या नोंदींची वही घेऊन बसायचे. त्यात त्यांचा उत्साह असा की सांगायला जीव धजू नये. षष्ठीच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावलं, कारण कामाला दोन दिवस लागतात. मी फाटकातून आत शिरलो तर काका पाण्याच्या ड्रमला म्हणत होते, 'सरक जरा. मध्ये उभी राहू नकोस.' काकू स्वयंपाकघरात होत्या. मी पाहिलंय हे काकांच्या लक्षात आलं. 'गंमत करत होतो,' ते म्हणाले, आणि मला गोणपाट दिलं.

त्या दोन दिवसांत मला बढती मिळाली. एरवी ऑइलची पट्टी मला नुसती धरायला मिळते, वाचतात काका. माझ्या वाचण्यावर त्यांचा विश्वास नाही. यंदा त्यांनी ती पुसली, बुडवली, काढली आणि माझ्यापुढे धरली. 'वाचा.' हवेचा काटा माझ्यापुढे धरला. 'वाचा.' पुढच्या डाव्या चाकात हवा कमी होती, ती मी पायपंपाने भरली आणि ते टायरवर तळवा फिरवत बसले. फुगला की नाही हे त्यांना माझ्या आधी कळलं. बॅटरीचा पांढरा चुरा त्यांनी गरम पाण्याने आणि ब्रशने बोटांच्या अंदाजाने असा लख्ख काढला की मला डोळे असून जमलं नसतं. वायरी तर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चिमटीत धरून तपासल्या आणि एक कुरतडलेली जागा शोधून काढली, जी मी दोनदा बघून 'ठीक' म्हटली होती. 'तुम्ही मराठीचेच मास्तर बरे,' काका म्हणाले. त्यांचं सगळं बरोबर चाललेलं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त घाम फुटत होता.

रथसप्तमीला सकाळी आठ वाजता सगळे जमले. काकूंनी अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढली होती आणि सात घोड्यांपैकी दोन जागेअभावी गाडीच्या चाकाखाली गेले होते. त्या रांगोळीशेजारी गोवऱ्या पेटवून, वर बोळक्यात दूध ठेवून, ते उतू जायची वाट बघत त्या बसल्या होत्या. यावरून दोघांची रीतसर जुंपली.

'अगं, पेट्रोलची गाडी आहे. तिच्या नाकापुढे जाळ करतेस?'

'सूर्य तुमच्या गाडीच्या आधीपासून आहे.'

'तपासणी होईपर्यंत विझव.'

'विझवली तर अपशकुन होतो. तुमची तपासणी थांबवा.'

शेवटी चतुःसीमेत 'दक्षिणेस फाटक व प्रज्वलित गोवऱ्या' अशी भर घालून तोड निघाली. बॅटरी पाटावरून उठवून जागी बसवली. काका आत बसले, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि तिसऱ्यांदा अशी धडधडीत सुरू झाली की शेठनी टाळ्या वाजवल्या. तीन फूट पुढे, ब्रेक. तीन फूट मागे, ब्रेक. उरलेले घोडेही गेले. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं ठीक. काकूंच्या शेजारी ठेवलेला फोन वाजला, अक्काचा. काकूंनी बोळक्यावरची नजर न काढता तो उचलला. 'निघतोच आहोत, वन्सं. हो, तेच आणतायत गाडी.' शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दरवर्षी पंचनामा काका आपल्या मोत्यासारख्या अक्षरात स्वतः लिहितात. यंदा त्यांनी मला सांगून लिहवून घेतला, पाय वर घेऊन ओट्यावर बसून, एकही शब्द न अडखळता. सगळी कलमं झाली. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'वरील तपासणीवरून सदर वाहन व चालक सुस्थितीत असल्याबाबत आम्हा पंचांची खात्री झाली.' मी ते लिहिलं. मग सही करायला पेन टेकवलं आणि पेन पुढे जाईना. शेठकडे पाहिलं. दरवर्षी हे शेठ उभ्याउभ्या 'लो, सही क्यां करवानी? मारी वाडीमां पाणी चालू छे,' म्हणत, न वाचता सही ठोकून निघून जातात. आज ते टोपी काढून खाली बघत होते; डोळ्यांचं त्यांच्याही कानावर आलेलं दिसत होतं. 'मास्तर, पहेला तमे,' ते म्हणाले.

'पंच गप्प का?' काकांनी विचारलं.

'काका,' मी म्हणालो, 'वाहनाची खात्री झाली.'

काकूंचं दूध उतू जायला लागलं, गोवऱ्यांवर पडून चरचरलं, आणि त्या ते बघत बसून राहिल्या. मला वाटलं, रागावतील. मी आजवर तपासणीत कितीतरी चुका केल्या होत्या, पण खात्याच्या भाषेत त्यांचा अपमान कधी केला नव्हता.

'बरोबर आहे,' ते म्हणाले. 'चालकाची तपासणी झालीच नाही, मग खात्री कुठून होणार? इतकी वर्षं तुम्ही न तपासता सह्या केल्यात, हाच गुन्हा आहे. तपासा.' आणि ते ओट्यावरून उतरून वीस पावलं मोजत फाटकापाशी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी गाडीच्या नंबराची पाटी घडाघडा वाचून दाखवली.

'ए तो मने पण मोढे छे,' शेठ हळूच म्हणाले. नंबर तर गल्लीतल्या सगळ्यांनाच पाठ होता.

'मग दुसरं काहीतरी विचारा.'

शेठनी हात वर करून दोन बोटं दाखवली. काकांनी पाहिलं. मान जरा उजवीकडे वळवली, मग डावीकडे, कोंबडी दाणा बघते तशी. आम्ही सगळे मनात 'दोन, दोन' म्हणत होतो. काकू तर उघडउघड म्हणत असाव्यात, त्यांचे ओठ हलत होते. नको म्हणणाऱ्या त्याच होत्या, तरीही.

'शेठ, तुमचं कोपर दिसतंय,' काका म्हणाले. 'मागची भिंत दिसतेय. वर चिकू दिसतायत. तुमच्या शर्टाला खाली शाई लागलीय तीसुद्धा दिसतेय. मला सगळं दिसतं. फक्त ज्याच्याकडे बघतो, तेवढंच दिसत नाही.'

'अंदाजाने सांगा ना काका,' माझ्या तोंडून गेलं.

'अंदाजाने पंचनामा होत नाही, जावईबापू.'

ते परत आले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, 'कुठे आहे ते दाखवा.' मी त्यांचं बोट 'व चालक' या शब्दांवर नेऊन ठेवलं. त्यांनी ते शब्द खोडले. रेघ तिरकी गेली आणि खालच्या ओळीतली 'खात्री'ही थोडी कापली गेली. मग समासात, कुठलीही खाडाखोड केली की करायची असते तशी, त्यांनी आद्याक्षरांची सही केली. 'आता करा सह्या,' ते म्हणाले. आम्ही केल्या. मला लहानपणापासून एवढं वाईट कुठल्याही सहीचं वाटलेलं नाही. काकांनी किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली आणि आपल्या हाताने माझी मूठ मिटली.

डहाणूहून निघाल्यावर पहिली पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. काका माझ्या डाव्या बाजूला बसले होते, मागे काकू तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन. प्रत्येक वळणावर काकांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जाई. 'क्लच सोडा. नुसता पाय टेकवून ठेवता, प्लेट जळते. तिसरा टाका. तिसरा. हा तिसरा आहे का? बसवाल्याला जाऊ द्या, त्याचा वेळ ठरलेला असतो. हॉर्न इतका लहान वाजवू नका, माणसाला वाटतं आपण माफी मागतोय.' मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होतो. एकदा मी गिअर चुकवला तेव्हा त्यांनी छातीला हात लावला आणि डॅशबोर्डला हळूच थोपटलं. काकूंनी मागून सांगितलं, 'अहो, खिडकीतून बाहेर बघा जरा.' बोलणं बंद व्हावं म्हणून सांगितलं असावं. पण त्यांनी काच खाली केली.

हळूहळू त्यांचं सांगणं कमी होत गेलं. रानशेत मागे पडलं. चारोटी अजून यायची होती. पायाचा चटईवरचा आवाजही थांबला, तेव्हा मला काळजी वाटून मी त्यांच्याकडे नजर टाकली. ते सरळ पुढे तोंड करून बसले होते.

'ते लाल काय गेलं?' त्यांनी विचारलं.

'काटेसावर, काका. फुललीय.'

'कधी लावली?'

'लावली कुणी नसेल. जुनी आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावायचा नाही.'

त्या रस्त्याने काका नोकरीत असताना गेले होते, निवृत्तीनंतर गेले होते, आणि अक्काकडे तर दरवर्षी याच दिवसांत, म्हणजे नेमक्या त्या फुलांच्या दिवसांत. 'मी रस्ता बघत होतो,' ते म्हणाले. कुणाला सांगत होते ते कळलं नाही. मग एकदम, 'मागे घ्या.'

'काका, अक्का वाट बघतायत.'

'मागे घ्या हो.'

मी गाडी मागे घेऊन झाडाशी उभी केली. काका दार चाचपत उतरले. झाडावर पान नव्हतं, नुसती फुलं, खाली मातीवरही फुलं पडलेली. ते झाडापुढे उभे राहिले आणि त्यांनी तोंड दुसरीकडे, शेताकडे वळवलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असतं, हा माणूस झाडावर रुसलाय. तसं केलं म्हणजेच त्यांना ते दिसत होतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मागे काकू पदराने डोळे टिपत होत्या आणि बरोबर तेव्हाच डब्याशेजारचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो खिडकीतून काकांच्या हातात दिला.

'हो अक्का,' काका शेताकडे बघत म्हणाले. 'नाही, नाही, गाडीला काही झालेलं नाही. गाडी ठणठणीत आहे. मी झाड बघतोय.'